इंजिन बदललं, गाडी तीच का?

(तेरखेडा, ता. वाशी, जि. धाराशिव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मोटरसायकलवर बोलायला उभं केलं, म्हणून काहींना हसू आलं असेल. आम्हालाही आलं होतं. पण मंचाच्या उजव्या हाताला जी गाडी उभी आहे, तिच्याकडे एकदा नीट बघा. टाकीला अजून रंग नाही, पुढे दिवा नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट नाही. सांगाडा जुन्या शंभर सीसीच्या गाडीचा. इंजिन अपघातात चेपलेल्या दीडशे सीसीच्या गाडीचं, भंगारातून आलेलं. याच गावच्या चार पोरांनी पाच महिने खपून ती उभी केली आहे, आणि त्यांना ती मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत उतरवायची आहे. इथपर्यंत ती टेम्पोत घालून आणली. चालवत का आणली नाही, ते शेवटी सांगू.

पोरांनी आम्हाला विचारलं, "सर, आता ही गाडी कोणती म्हणायची? शंभरची की दीडशेची? जुनी की नवी?" हा प्रश्न आमच्या विषयातला आहे आणि दोन हजार वर्षांचा आहे. शिवाय हाच प्रश्न पूर्वी एकदा एका विद्यार्थ्यानं आम्हाला विचारला होता. तेव्हा आम्ही अर्धंच उत्तर दिलं. राहिलेलं अर्धं आज द्यायचं आहे.

सीसी म्हणजे श्वास

आधी इंजिन समजून घेऊ. तेरखेड्यात ते समजावणं सोपं आहे, कारण आग कोंडली की काय होतं हे या गावाइतकं फार थोड्या गावांना ठाऊक असेल.

जुन्या पद्धतीच्या शोभेच्या दारूत तीन जिन्नस: सोरा, गंधक, कोळसा. गंधक आणि कोळसा जळतात. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू सोऱ्यात साठवलेला असतो. म्हणून कागदाच्या घट्ट गुंडाळीत, बाहेरची हवा न लागताही दारू पेटते. दारू आपला श्वास सोबत घेऊन येते.

पेट्रोलचं तसं नाही. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा होते. म्हणजे बघा, टाकीत पेट्रोल कितीही असलं तरी इंजिनाची ताकद ठरते ती त्यानं हवा किती ओढली यावर.

सीसी म्हणजे त्या ओढण्याचं माप. आमच्या पिढीची लाडकी यामाहा आरएक्स १०० घ्या. १९८५ साली ती भारतात आली. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५० मिलिमीटर. शाळेतल्या सूत्रानं घनफळ काढलं की ९८ घन सेंटिमीटर येतं. हेच तिचं भांडं. दीडशेच्या इंजिनाचं भांडं त्याच्या दीडपट मोठं.

आता शर्यतीच्या गाडीची ताकद वाढवायची तर वाटा तीन. भांडं मोठं करा. किंवा तेच भांडं मिनिटाला जास्त वेळा भरा, म्हणजे फेरे वाढवा. किंवा प्रत्येक वेळी ते जास्त ठासून भरा, त्यासाठी कार्ब्युरेटर, वाटा, सायलेन्सर यांवर काम करा. दुसरी आणि तिसरी वाट महागडी आणि नाजूक. कारखान्यानं ठरवलेल्या मर्यादेबाहेर फेरे नेले की पिस्टन, दांडा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सगळ्यांवर ताण येतो. पहिली वाट गावातल्या पोरांना परवडते: मोठं इंजिन आणायचं आणि ते आतून तसंच ठेवायचं. इंजिन बदलण्यामागचा विचार इतका साधा आहे. इंजिनाच्या आत हात घालायचा नाही, बाहेरची सगळी मेहनत करायची.

जळणं आणि फुटणं

फटाका फुटावा म्हणून बांधतात. इंजिनात मात्र मिश्रण फुटलेलं चालत नाही, ते जळावं लागतं. ठिणगीपासून ज्योत सुरू व्हावी, ती सिलिंडरभर पसरत जावी आणि त्या दाबानं पिस्टन खाली ढकलला जावा. ज्योतीला पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या थोडं आधीच ठिणगी द्यावी लागते. मिनिटाला ८,००० फेरे घेणारं फोर-स्ट्रोक इंजिन ४,००० वेळा पेटतं, सेकंदाला ६६-६७ वेळा. तुम्ही एक टाळी वाजवता तेवढ्यात हे कितीतरी वेळा घडून जातं.

कधी कधी ज्योत पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं. मग टकटक असा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, गाडी नॉक करतेय. त्या क्षणी इंजिनाच्या आत बारीकसा फटाका फुटलेला असतो. असं चालत राहिलं तर पिस्टनला खड्डे पडतात, भोकही पडतं. आग ताब्यात असणं आणि सुटणं यांत किती कमी अंतर असतं, हे या गावाला आम्ही सांगायची गरज नाही. त्याची किंमत इथल्या घरांनी मोजलेली आहे.

जुळणी

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, जुळणी. सुटे भाग एकत्र बसवण्याला आपण जुळणी म्हणतो, आणि दोन गोष्टींचा मेळ बसला तरी "जुळलं" म्हणतो. या गाडीची सगळी कथा त्या एका शब्दात आहे.

पोरांना पहिल्याच दिवशी कळलं की दीडशेचं इंजिन शंभरच्या सांगाड्यात बसत नाही. बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मग त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापले, ते लावून बघितले, पुन्हा कापले. साचा पटला तेव्हा त्यावरून जाड लोखंडी पट्ट्या कापल्या. पण पट्टी कुठे जोडायची हे पट्टी ठरवत नाही, चेन ठरवते. इंजिनाचं पुढचं दातेरी चक्र आणि मागच्या चाकाचं चक्र एका रेषेत हवं. रेष जरा तिरकी झाली की चेन दाते खाते, आणि भर वेगात उतरली तर चाक जाम होऊ शकतं. त्यांनी दोन्ही चक्रांना ताणून दोरा लावला आणि इंजिन तसूतसूनं सरकवलं.

तिथेही भागलं नाही. मागचं चाक खड्ड्यात वरखाली होतं तेव्हा ज्या दांड्यावर ते बसलेलं असतं, तो एका खिळीभोवती फिरतो. पुढचं चक्र, ती खिळ आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. उभ्या गाडीत चेन घट्ट करून ठेवली आणि मातीच्या उंचवट्यावरून उडी मारली, तर ती तुटते किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग मारते. म्हणून मागचे शॉकअप सोडून, चाक त्या रेषेत आणून मग चेनची ढील बघायची. पुढचं चक्र खिळीपासून जितकं लांब, तितका हा फरक मोठा. म्हणजे इंजिन कुठे बसवायचं याचा जाब आता मागचं चाकही विचारू लागलं!

मग वेल्डिंग. त्याआधी बॅटरी आणि इग्निशनची पेटी काढून ठेवायची, नाहीतर वेल्डिंगचा करंट ती जाळतो. मग वायरिंग. मग सायलेन्सर, कारण नळी जुन्या सांगाड्याच्या खालच्या दांड्याला लागत होती. नळी बदलली की इंजिनाचा उच्छ्वास बदलतो, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा. जेट बरोबर आहे की नाही हे प्लग सांगतो. पांढराफटक पडला तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. काजळीनं काळा झाला तर पेट्रोल जास्त. चहाच्या रंगाचा तपकिरी असला की ठीक. शेवटी दात्यांचा हिशेब. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असले तर पुढचं चक्र तीनदा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. मागे ४८ केले तर जोर वाढतो, शेवटचा वेग कमी होतो. मातीच्या छोट्या ट्रॅकवर वळणाबाहेर झटकन निघायचं असतं, म्हणून पोरांनी ४८ घेतले.

एक भाग बदलला आणि त्यानं पट्टी, चेन, चाक, नळी, जेट, सगळ्यांना हलवलं. हे लक्षात ठेवा.

लंडन ते चाकण

इंजिन बदलून शर्यतीची गाडी बनवायची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९५० साली नॉर्टन कंपनीनं फेदरबेड नावाचा सांगाडा आणला. वळणावर तो इतका स्थिर होता की त्याचं नाव झालं. त्याच काळात तिकडे ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींची शर्यत जोरात होती, आणि त्या मोटारवाल्यांना नॉर्टनचं रेसिंग इंजिन हवं होतं. कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. मग ते अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून मोटारीत घालत आणि सांगाडा विकून टाकत. असे रिकामे उत्तम सांगाडे बाजारात आले. पोरांनी त्यात ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवलं. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून नाव पडलं ट्रायटन. १९६५ साली बार्सिलोनाच्या माँटजुइक इथली २४ तासांची शर्यत ट्रायटननं जिंकली. दोन घरांतून आलेल्या भागांची ती गाडी होती.

आजच्या मोटो-२ या जागतिक वर्गाचं बघा. तिथे सगळ्या संघांना एकाच कंपनीचं इंजिन मिळतं. २०१० ते २०१८ होंडाचं ६०० सीसी, २०१९ पासून ट्रायम्फचं ७६५ सीसी. इंजिन सगळ्यांचं सारखं, तरी कोणी पहिला येतो आणि कोणी विसावा. चालवणाऱ्याचं कसब आहेच, पण बाकीचा फरक जुळणीचा.

आता आपल्या चाकणला या. तिथे बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या छोट्या गाड्या बनतात. ३९० ड्यूकच्या जुन्या इंजिनाचा व्यास ८९ आणि धाव ६० मिलिमीटर होती, म्हणजे ३७३ सीसी. २०१६ च्या डिसेंबरात बजाजनं डोमिनार ४०० आणली, तिच्यातही हाच व्यास आणि हीच धाव. पण डोमिनार लांबच्या प्रवासाची, जास्त जड, सांगाडा निराळा. तेव्हा इंजिनाचं डोकं बदललं, दोनाऐवजी एक कॅमशाफ्ट, एकाऐवजी तीन प्लग, आणि ताकद ४३ वरून ३५ अश्वशक्तीवर आणली. ज्यांच्याकडे शेकडो इंजिनिअर आहेत, त्यांनाही इंजिन उचलून दुसऱ्या सांगाड्यात नुसतं ठेवता आलं नाही.

नागसेनाचा रथ

आता आमच्या घरच्या प्रांतात येऊ. मिलिंदप्रश्न नावाचा पाली ग्रंथ आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांचा त्यात संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? शेवटी राजाच कबूल करतो की या सगळ्यांच्या आधारानं 'रथ' हे नाव वापरात येतं. नागसेन म्हणतो, माणसाचंही तसंच आहे.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि अवयवांतून उभा राहणारा अवयवी वेगळा. धाग्यांनी कापड बनतं, पण कापड म्हणजे नुसते धागे नव्हेत. कापड अंगावर घेता येतं, धाग्यांचा ढीग घेता येत नाही.

वर्गात आम्ही हा वाद तीस वर्षं शिकवला. कोण बरोबर यावर मुलं भांडायची, आम्हाला मजा यायची. पण ही गाडी बघताना आमच्या लक्षात आलं की दोघंही एका गोष्टीवर बोट ठेवत होते. भाग महत्त्वाचे आहेतच, पण गाडी होते ती भागांमधल्या नात्यांनी. ढिगात पडलेलं इंजिन, चाक आणि चेन ही गाडी नव्हे. म्हणून एक भाग बदलला की "गाडी तीच का?" एवढं विचारून थांबता येत नाही. पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: या नव्या भागाशी बाकीच्यांचं नातं अजून टिकलं आहे का?

राहिलेलं अर्धं उत्तर

आता तो विद्यार्थी. नाव सांगत नाही. १९९० च्या दशकातली गोष्ट. आम्ही शिकवत होतो त्या महाविद्यालयात तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्यानं शंभरच्या गाडीत मोठं इंजिन घातलं होतं. वर्गात त्यानं विचारलं, "सर, गाडी तीच का?" आम्ही खुश झालो. थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली, ज्याच्या फळ्या एकेक करून बदलल्या. मग नागसेन सांगितला. वर्गात टाळ्या पडल्या.

तास संपल्यावर तो पायरीवर गाठून म्हणाला, "सर, मग इंजिन बदललं तर बाकीचं पण बदलायला पाहिजे का?" आम्ही हसून म्हणालो, "अरे, ते मिस्त्रीला विचार."

दोन महिन्यांनी रात्री हमरस्त्यावर त्याच्यापुढे उसाची ट्रॉली होती, मागे दिवा नसलेली. इंजिन मोठं होतं. ब्रेक मात्र शंभरच्या गाडीचेच होते, जुने ड्रमचे. तो वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आज त्याचं बियाण्याचं दुकान आहे, संसार आहे, दिवाळीला फराळ घेऊन येतो. त्यानं आम्हाला कधी शब्दानं बोल लावला नाही. पण पहिल्या प्रश्नाचा खरा अर्थ त्याच्या दुसऱ्या प्रश्नात होता, आणि तो आम्ही मिस्त्रीवर ढकलला.

ते उत्तर आता देतो, आकड्यांत. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ६० वरून ९० ला गेलात, वेग दीडपट झाला, तर ऊर्जा सव्वादोनपट. ही सगळी ऊर्जा ब्रेकनं उष्णतेत बदलायची असते. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तरी ताशी ६० किलोमीटरला थांबायला २३ मीटर लागतात, ९० ला ५२. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. त्या सेकंदात ६० वाला १७ मीटर पुढे जातो, ९० वाला २५. एकूण ४० मीटर आणि ७७ मीटर. हा चांगल्या ब्रेकचा हिशेब आहे. ड्रम तापून दम सोडतो तेव्हा अंतर आणखी वाढतं.

ही पोरं पहिल्यांदा गाडी घेऊन आली तेव्हा पुढचं चाक शंभरचंच होतं. आम्ही विचारलं, "ब्रेक?" म्हणाले, "ते नंतर बघू, सर." आम्ही म्हटलं, नंतर नाही. त्या चेपलेल्या दीडशेचं मागचं सगळं गेलं होतं, पण पुढचा फोर्क, चाक आणि डिस्क शाबूत होती. तीच बसवली. फोर्क बदलला म्हणून मानेचं बेअरिंग बदलावं लागलं. फोर्कची उंची वेगळी, म्हणून हँडलचा कल बदलला, तो पुन्हा सारखा करावा लागला. याला तीन आठवडे आणि इंजिनाहून जास्त पैसे गेले. पोरं कुरकुरली. कुरकुरू द्या.

एक प्रश्न

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: "मग ही गाडी रस्त्यावर चालवायची की नाही?"

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी, म्हणजे निर्मात्यानं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली हेच ठामपणे सांगितलं. आणि कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं गुन्हा आहे. आरटीओच्या पुस्तकात इंजिन नंबर वेगळा आणि चॅसिस नंबर वेगळा लिहितात. त्या दोन आकड्यांची जोडी म्हणजे ती गाडी. बघा, नागसेनाच्या प्रश्नाला आरटीओनंही उत्तर शोधून ठेवलं आहे, आणि तेही नात्याचंच!

म्हणून ही गाडी टेम्पोत आली आणि टेम्पोतच जाणार. आपल्या गावाशेजारून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, रुंद आणि गुळगुळीत. रात्री तो पोरांना खुणावतो, आम्हाला माहीत आहे. पण शर्यतीला ट्रॅक असतो. पुण्याच्या बालेवाडीत २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉसची मोठी स्पर्धा झाली, तिकीट काढून लोक गेले. ट्रॅकवर समोरून बैलगाडी येत नाही आणि वळणावर झाड नसतं. शर्यतीआधी गाडीची तांत्रिक तपासणी होते. तेलाचा बोल्ट सुटू नये म्हणून त्याला तार बांधतात, फुटणाऱ्या काचा काढतात, पडल्यावर इंजिन बंद करायचं बटण चालतं का ते बघतात. कोणीतरी परका माणूस तुमच्या गाडीतली नाती तपासतो. आम्ही त्या पायरीवर जे केलं नाही, ते तो करतो.

पोरांनो, शर्यतीच्या दिवशी गाडी कोणती असं कुणी विचारलं तर काय हवं ते नाव सांगा. आम्हाला बोलवा, ब्रेक दाबून बघायला येऊ. इथे थांबतो आम्ही.